सुई टोचल्यावर : प्रस्तावना

अ‍ॅक्युपंक्चरची सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते. ती भरीव असते, त्यामुळे तिच्यातून कोणतेही औषध शरीरात जात नाही, आणि काढून घेतल्यावर ती आत काही ठेवूनही जात नाही. असे असताना वीस-तीस मिनिटे ती टोचून ठेवली की अनेकांचे दुखणे उतरते, आणि काहींच्या बाबतीत ते पुढे कित्येक दिवस उतरलेलेच राहते. हे का घडते, यावर गेली पन्नास-साठ वर्षे बीजिंगपासून बॉस्टनपर्यंतच्या प्रयोगशाळांत काम चालले आहे. हे पुस्तक त्या कामाची ओळख करून देण्यासाठी लिहिले आहे.

मराठीत या विषयावर माझ्या वाचनात जे आले, त्यातले बरेचसे दोन टोकांचे आहे. एका टोकाला बिंदूंचे तक्ते, 'ची' नावाच्या प्राणशक्तीचे वर्णन आणि मधुमेहापासून वंध्यत्वापर्यंत सगळ्यावर उपाय. दुसऱ्या टोकाला 'हे सगळे थोतांड आहे' असा एका वाक्यातला निकाल. दोन्हीकडच्या लेखकांना एक गोष्ट करावीशी वाटत नाही, ती म्हणजे सुईच्या टोकापाशी प्रत्यक्ष काय होते ते पाहणे. तिथे पाहिले की प्रश्न एक नसून तीन आहेत हे लक्षात येते. सुईमुळे शरीरात मोजता येईल असा बदल होतो का? तो बदल आजारी माणसाच्या उपयोगाचा आहे का, आणि किती? आणि तो घडून येण्यासाठी सुई नेमक्या त्याच बिंदूवर, परंपरेने सांगितलेल्या त्याच मार्गावर टोचावी लागते का? पहिल्याचे उत्तर आज ठामपणे 'हो' असे देता येते. दुसऱ्याचे उत्तर काही तक्रारींपुरते 'हो, बेताचा' असे आहे. तिसऱ्याचे उत्तर बहुतांशी परंपरेच्या विरुद्ध जाते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्याला चिकटवले की श्रद्धाळूंचा गोंधळ होतो, आणि तिसऱ्याचे पहिल्याला चिकटवले की संशयवाद्यांचा. पुस्तकभर मी हे तीन प्रश्न वेगळे ठेवण्याचा आग्रह धरला आहे.

परंपरा किती जुनी, हे आधी पाहू. चीनमधील मावांगदुई येथील थडगी इसवी सनपूर्व १६८च्या सुमाराची. त्यांत सापडलेल्या रेशमी ग्रंथांत शरीरातल्या मार्गांचे वर्णन आहे, त्वचेवर वनस्पती जाळून शेक देण्याचा उपचार आहे, पण सुया नाहीत. इसवी सनपूर्व ११३मध्ये पुरलेल्या राजपुत्र लिउ शंगच्या थडग्यात मात्र सोन्याच्या आणि चांदीच्या सुया सापडल्या. याच काळाच्या आगेमागे 'हुआंगदी नेइजिंग' हा ग्रंथ आकाराला आला आणि सुई व मार्ग यांची सांगड त्यात प्रथम विस्ताराने घातली गेली. त्यात नऊ प्रकारच्या सुया सांगितल्या आहेत. त्यांपैकी काही चक्क गळू फोडण्याच्या आणि रक्त काढण्याच्या आहेत. आजची केसासारखी बारीक, निर्जंतुक पोलादी सुई पाहून 'हजारो वर्षांची अखंड पद्धती' असे म्हणणाऱ्यांनी ही यादी जरूर पाहावी. तिसऱ्या शतकात हुआंगफु मी यांनी बिंदूंची पद्धतशीर मांडणी केली. सोंग राजवटीत, १०२७ साली, वांग वेइयी यांनी विद्यार्थ्यांच्या सरावासाठी बिंदू कोरलेले पूर्णाकृती कांस्यपुतळे घडवून घेतले. आणि १८२२ साली त्याच चीनच्या सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून सुईचा उपचार काढून टाकला. उतार इतका खोल होता की विसाव्या शतकात या विद्येची जवळजवळ नव्याने बांधणी करावी लागली.

ही नवी बांधणी आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, कारण ती करणारी माणसे शरीररचनाशास्त्र शिकलेली होती. १९३०च्या दशकात जिआंगसू प्रांतातल्या चंग दान-आन यांनी बिंदूंच्या जागा मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या यांच्या संदर्भात नव्याने सांगितल्या, बारीक पोलादी सुयांचा पुरस्कार केला आणि रक्त काढण्याचे जुने प्रकार बाजूला सारले. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेत काम केलेल्या डॉक्टर झू लिएन यांनी १९५१ साली नव्या अ‍ॅक्युपंक्चरवर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी सुईच्या परिणामाचा कर्ता म्हणून सरळ मज्जासंस्थेचे नाव घेतले. सुईचा मज्जासंस्थेशी संबंध पाश्चात्त्यांनी मागाहून जोडला असे सांगितले जाते, ते म्हणूनच खरे नाही.

आठव्या मार्ग सेनेचे नाव निघाले की मराठी वाचकाला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात ते होते, आणि १९४२ साली तिथेच त्यांचे निधन झाले. त्याच पथकातले डॉ. बिजय कुमार बसू पुढे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केले. भारतातल्या आधुनिक अ‍ॅक्युपंक्चरची सुरुवात इथून होते. आपल्याकडे याहून जुने मूळ शोधण्याचा मोह फार आहे. सुश्रुतसंहितेतली १०७ मर्मे म्हणजेच हे बिंदू, किंवा कान टोचण्याचा संस्कार म्हणजेच अ‍ॅक्युपंक्चर, असे दावे व्याख्यानांत ऐकू येतात. सुश्रुताने मर्मे सांगितली ती प्रामुख्याने इजा झाली तर घात होतो अशा जागा म्हणून. शल्यकर्म करताना तिथे शस्त्र लागू नये म्हणून. ती सुई टोचण्याच्या जागांची यादी ठरवणे सुश्रुताच्या शल्यचिकित्सेवर अन्याय करणारे आहे. तिचे मोठेपण तिच्या स्वतःच्या कामात पुरेसे आहे.

सुई युरोपात गेली ती मुख्यतः जपानमार्गे. सतराव्या शतकात अंध वैद्य सुगियामा वाइची यांनी सुईला दिशा देणारी बारीक नळी प्रचारात आणली. तिच्यामुळे अतिशय पातळ सुई न वाकता, जवळजवळ न दुखता टोचता येऊ लागली. जपानी पद्धत आजही उथळ आणि हलक्या हाताची आहे. तिथल्या काही परंपरांत सुई त्वचेला नुसती टेकवतात. डच ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर विलेम टेन रायने यांनी जपानात पाहिलेले लिहून काढले, ते १६८३ साली लंडनमध्ये छापले गेले. फ्रान्समध्ये संगीतकार बर्लिओझ यांचे वडील, डॉक्टर लुई बर्लिओझ, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच सुया वापरत होते. पुढे १९५०च्या दशकात लिऑनच्या पॉल नोजिए यांनी सगळे शरीर बाहेरच्या कानावर उमटलेले आहे अशी कल्पना मांडली आणि कानाचे अ‍ॅक्युपंक्चर हा वेगळाच संप्रदाय निघाला. कोरियात तेच हाताच्या पंजाबाबत झाले. इकडे स्नायूंतल्या दुखऱ्या गाठींवर सुई टोचणारे, मार्गांची भाषा अजिबात न बोलणारे 'ड्राय नीडलिंग'वाले आहेत. सुयांना विजेच्या तारा जोडणारे आहेत. जगात अधिकृतपणे प्रमाणित झालेले बिंदू ३६१ आहेत, पण या संप्रदायांपैकी निम्मे तरी त्या ३६१च्या बाहेर काम करतात. इतक्या वेगवेगळ्या जागी, इतक्या वेगवेगळ्या खोलीवर टोचूनही प्रत्येकाकडे बरे वाटलेले रुग्ण आहेत. ही गोष्ट आपण तिसऱ्या प्रश्नापाशी आलो की पुन्हा लागणार आहे.

आधुनिक संशोधनाला गती मिळाली ती एका पत्रकाराच्या अपेंडिक्समुळे. १९७१च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये आजारी पडले. शस्त्रक्रिया नेहमीच्या, इंजेक्शनने दिलेल्या भुलीखाली झाली. त्यानंतर पोट फुगून अस्वस्थ वाटू लागले, तेव्हा त्यांच्या उजव्या कोपराला आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या गेल्या. रेस्टन यांनी ते प्रामाणिकपणे लिहिले. पण सांगोवांगीत 'सुयांच्या भुलीवर अपेंडिक्स काढले' असे झाले आणि ती चूक अजून छापली जाते. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला गेले, त्यांच्या मागोमाग डॉक्टरांची पथके गेली, आणि सुया टोचलेला रुग्ण शुद्धीवर असताना त्याची छाती उघडलेली त्यांना दाखवण्यात आली. अशा शस्त्रक्रियांसाठी रुग्ण निवडून घेतलेले असत, आणि गुंगीची किंवा जागा बधिर करणारी औषधेही बहुधा जोडीला असत. पण त्या प्रदर्शनांनी जगभरच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांना कामाला लावले, हेही खरे.

त्यांच्या हाताशी नवी साधने नुकतीच आली होती. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी मांडले होते की वेदनेचा निरोप मज्जारज्जूत शिरताना वाटेत अडवला जाऊ शकतो; दुसरी संवेदना त्याच्यावर मात करते. ठेच लागली की आपण बोट चोळतो, त्याचे हे शास्त्र. १९७३ साली मेंदूत अफूजन्य द्रव्यांचे ग्राहक, म्हणजे ती द्रव्ये जिथे चिकटतात त्या जागा, सापडले, आणि १९७५ साली ॲबरडीनमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी शरीर स्वतःच तयार करत असलेले अफूसारखे पदार्थ शोधले.

बीजिंगमध्ये हान जिशंग १९६५पासूनच या प्रश्नामागे होते. त्यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांच्या हातावरच्या 'हेगू' बिंदूत, म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मांसल भागात, सुई टोचून वेदना सुरू होण्याची मर्यादा मोजली. ती एकदम वाढली नाही. अर्ध्या तासात हळूहळू चढली, आणि सुई काढल्यावर ही वाढ साधारण दर सोळा मिनिटांना निम्मी होत उतरली. परिणामाला असा चढ आणि असा उतार असेल, तर काही रसायन तयार होऊन मग नाहीसे होत असावे, असा तर्क त्यांनी केला. मग सशावर प्रयोग झाला. सुई टोचलेल्या सशाच्या मेंदूतले द्रव दुसऱ्या, न टोचलेल्या सशाच्या मेंदूत सोडले, तर त्या दुसऱ्या सशाचीही वेदना सोसण्याची मर्यादा वाढली. या प्रयोगाचे सौंदर्य मला आजही जाणवते. दुसऱ्या सशाला सुई टोचलेलीच नाही, त्यामुळे कल्पनेचा, अपेक्षेचा प्रश्नच येत नाही.

टोरांटोत ब्रूस पोमरँझ यांनी पुढचे पाऊल उचलले. नालोक्सोन हे औषध अफूच्या ग्राहकांना अडवते. ते दिले की उंदरांमधला सुईचा वेदनाशामक परिणाम नाहीसा झाला. १९७७ साली मेयर आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या दातदुखीवर तेच पाहिले. हान यांनी पुढे आणखी बारकावा दाखवला. सुईतून सेकंदाला दोन वेळा ठोके देणारी वीज सोडली तर एन्केफालिन आणि बीटा-एंडॉर्फिन ही शरीराची अफूसारखी द्रव्ये सुटतात; शंभर वेळा ठोके दिले तर डायनॉर्फिन हे तसेच आणखी एक. उपचार फार वेळ लांबवला तर उलट काम करणारे रसायन तयार होऊन परिणाम बोथट होतो. म्हणजे जास्त टोचणे म्हणजे जास्त गुण, असे नाही.

या टप्प्यावर अनेक पुस्तके थांबतात आणि 'विज्ञानाने अ‍ॅक्युपंक्चर सिद्ध केले' असे जाहीर करतात. मी इथे वाचकाला थोडे थांबायला सांगेन. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर दाखवले की नुसत्या विश्वासाने, म्हणजे प्लासिबोने, मिळणारा आरामही नालोक्सोनने कमी होतो. एंडॉर्फिन सुटणे हे सुईचे ओळखपत्र ठरत नाही. आश्वासक डॉक्टरच्या शब्दानेही ते सुटते. आणि सुई-टाचणीच्या कोणत्याही टोचणीने मेंदूकडून खाली येणारे वेदना दाबणारे मार्ग जागे होतात. १९७९ साली फ्रान्समध्ये ल बार्स यांनी उंदरांत हे मोजले : शरीराच्या एका भागातली दुखरी उत्तेजना दुसऱ्या, दूरच्या भागातली वेदना दाबते. हातात सुई टोचून कंबर का हलकी होते, याचे एक साधे उत्तर इथे मिळते. त्यासाठी हात आणि कंबर जोडणारा अदृश्य मार्ग लागत नाही.

मज्जातंतूंशिवाय हे घडत नाही, हे मात्र वारंवार सिद्ध झाले. शांघायच्या एका गटाने १९७३ साली हेगू बिंदूखालच्या स्नायूत बधिर करणारे औषध टोचले, तेव्हा सुईचा परिणाम गेला. तेच औषध नुसते त्वचेखाली दिले तेव्हा तो टिकला. परिणाम खोलवरच्या तंतूंतून निघतो, हे यावरून कळते. मनगटावरच्या 'नेइग्वान' बिंदूचे उदाहरण आणखी बोलके आहे. मनगटाच्या सुरकुतीपासून तीन बोटे वर, दोन कंडरांच्या मध्ये हा बिंदू असतो आणि त्याच्या खाली हाताचा मध्यवर्ती मज्जातंतू धावतो. बेलफास्टचे भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी १९८०च्या दशकात दाखवले की शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि उलटी इथे सुई टोचल्याने कमी होते. पुढे त्यांनीच तो बिंदू आधी बधिर करून पाहिला, आणि गुण नाहीसा झाला. मळमळीवरचा हा परिणाम नंतरच्या अनेक चाचण्यांत टिकला आहे. सगळ्या अ‍ॅक्युपंक्चरमध्ये एका ठरावीक बिंदूच्या बाजूने उभा राहणारा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

सुई टोचल्यावर रुग्णाला जे जाणवते त्याला चिनी परंपरेत 'दची' म्हणतात. आपल्या माणसाला विचारले तर तो सांगतो : ठणकते, जड वाटते, आत भरून आल्यासारखे होते, मुंग्या येतात. त्याच वेळी टोचणाऱ्याच्या बोटांना सुई आतून धरली गेल्याचे कळते. हे धरणे कोण करते? बराच काळ समज होता की स्नायू आवळतो. व्हरमाँट विद्यापीठात हेलेन लँजव्हिन यांनी २००१ आणि २००२ साली प्रसिद्ध केलेल्या कामाने लक्ष दुसरीकडे वळवले. सुई फिरवली की त्वचेखालच्या संयोजी ऊतींचे धागे, टकळीवर सूत गुंडाळले जावे तसे, तिच्याभोवती गुंडाळले जातात. सुई एकाच दिशेने फिरवल्यावर ती उपसून काढायला लागणारे बल न फिरवलेल्या सुईपेक्षा १६७ टक्के अधिक भरले. ओढ लागली की आसपासच्या पेशी आपला आकार बदलतात. पारंपरिक बिंदूंपाशी हे बल इतर जागांपेक्षा सरासरी १८ टक्के जास्त होते. परंपरेच्या पदरात काहीतरी पडले, पण थोडेच. कारण इतर जागांनीही सुई धरलीच होती.

२०१० साली रॉचेस्टरच्या गोल्डमन आणि नेडरगार्ड यांच्या गटाने सुईच्या टोकाजवळचे रसायन मोजले. उंदराच्या 'झुसानली' बिंदूत, म्हणजे गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या बाजूला, अर्धा तास सुई ठेवून मधून मधून फिरवली. आसपासच्या द्रवातले ॲडेनोसिन सुमारे चोवीसपट वाढले. ॲडेनोसिनचे विशिष्ट ग्राहक जन्मतःच नसलेल्या उंदरांना सुईचा काहीही उपयोग झाला नाही. शिवाय हा आराम त्याच पायापुरता होता. म्हणजे एकच सुई दोन पातळ्यांवर काम करते : टोकापाशी स्थानिक रसायन, आणि मज्जारज्जू-मेंदूपर्यंत जाणारा निरोप.

मेंदूची छायाचित्रे घेता येऊ लागली तेव्हा अपेक्षा उंचावल्या, आणि एक मोठी फजितीही झाली. पायाच्या करंगळीतल्या 'दृष्टीच्या' बिंदूत सुई टोचली की मेंदूतले दृष्टिकेंद्र उजळते, असा निबंध १९९८ साली फार गाजला. २००६ साली लेखकांनीच तो मागे घेतला. तरीही तो आजही भिंतीवरच्या तक्त्यांतून फिरतो, म्हणून हे इथे सांगितले. टिकलेले काम वेगळे आहे. बॉस्टनमध्ये कॅथलीन हुई यांनी पाहिले की ज्यांना दची जाणवली त्यांच्या मेंदूतल्या भावनांशी निगडित खोल भागांचे काम मंदावले. ज्यांना नुसते दुखले त्यांच्यात ते वाढले. मिशिगनच्या हॅरिस यांनी २००९ साली सर्वांगदुखीच्या, म्हणजे फायब्रोमायल्जियाच्या, स्त्री-रुग्णांमध्ये खरी आणि खोटी सुई ताडून पाहिली. मेंदूतल्या अफू-ग्राहकांमधला बदल खऱ्या सुईने झाला, खोट्या सुईने झाला नाही. पण दुखणे दोन्ही गटांत सारखेच कमी झाले. हा निष्कर्ष पचवायला अवघड आहे, आणि पुस्तकाच्या मध्यावर मी त्याच्यापाशी बराच वेळ रेंगाळलो आहे. आराम एकच, पण त्याच्याकडे नेणाऱ्या वाटा वेगळ्या, असे तो सुचवतो.

आता खोटी सुई म्हणजे काय ते सांगायला हवे. १९९८ साली हायडेलबर्गच्या श्ट्राइटबर्गर यांनी टोक बोथट आणि दांडा मुठीत सरकणारा अशी सुई बनवली. ती टोचल्यासारखी वाटते, आत जात नाही. इतर चाचण्यांत चुकीच्या जागी उथळ टोचणे हाच खोटा उपचार असतो. जर्मनीतल्या चाचण्या या बाबतीत सर्वांत मोठ्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कंबरदुखीच्या चाचणीत १,१६२ रुग्ण होते. खऱ्या सुईने ४७.६ टक्क्यांना गुण आला, खोट्या सुईने ४४.२ टक्क्यांना, आणि औषधे व व्यायाम अशा नेहमीच्या उपचाराने २७.४ टक्क्यांना. अर्धशिशीच्या ३०२ रुग्णांच्या चाचणीतही तसेच : खरी ५१, खोटी ५३, नुसते वाट पाहणारे १५ टक्के. पुढे व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी जुन्या दुखण्यांच्या ३९ चाचण्यांतले २०,८२७ रुग्ण एकत्र तपासले. तेव्हा खरी सुई खोटीपेक्षा थोडी, पण निश्चित सरस ठरली, आणि काहीच न करण्यापेक्षा बरीच सरस. आरामाचा मोठा भाग वर्षभरानंतरही टिकून होता.

या आकड्यांवरून दोन्ही बाजू आपापला विजय जाहीर करतात. माझे मत असे आहे : बिंदूंच्या नकाशाला या आकड्यांनी फारसा आधार दिलेला नाही, पण सुईला दिला आहे. खोटी सुईदेखील त्वचेवर स्पर्श करते, कधी ती भेदते, तंतूंना जागे करते. तिला साखरेच्या गोळीसारखी निष्क्रिय मानणे शरीरशास्त्राला धरून नाही. शिवाय उपचारात फक्त सुई नसते. हार्वर्डच्या टेड कॅपचक यांनी २००८ साली आतड्याच्या तक्रारींच्या २६२ रुग्णांच्या चाचणीत केवळ खोटी सुई वापरली. एका गटाशी जुजबी बोलणे, दुसऱ्याशी आपुलकीने आणि वेळ देऊन. पुरेसा आराम पडल्याचे पहिल्या गटात ४४ टक्क्यांनी सांगितले, दुसऱ्यात ६२ टक्क्यांनी, आणि काहीच उपचार न झालेल्यांत २८ टक्क्यांनी. आपल्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागांत डॉक्टरला रुग्णाकडे नीट पाहायला दोन मिनिटे मिळत नाहीत. त्यांच्यासाठी ही चाचणी अ‍ॅक्युपंक्चरपेक्षा मोठी शिकवण आहे.

हे सगळे आजच का सांगायचे? जुनाट दुखणे वाढते आहे, त्यावरच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर मूत्रपिंड आणि जठर त्याची किंमत मोजतात, आणि अफूजन्य औषधांनी अमेरिकेत काय अनर्थ केला ते समोर आहे. ब्रिटनच्या नाइस या मार्गदर्शक संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नये असे म्हटले, आणि २०२१ साली कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी ते विचारात घ्यावे असे म्हटले. शहाणी माणसेही इथे अडखळतात. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, व्यावसायिकांच्या नोंदणीसाठी परिषद आहे. म्हणजे ही सुई आपल्या शेजारच्या गल्लीत कायद्याने उभी आहे, आणि तिच्याकडून काय मागावे, काय मागू नये हे रुग्णाला कळणे निकडीचे आहे. बीजकोषाच्या विकारामुळे मूल न होणाऱ्या एक हजार चिनी स्त्रियांवरची चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. सुईमुळे बाळंतपणांची संख्या वाढली नाही. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातही ८४८ स्त्रियांच्या चाचणीत फरक पडला नाही. मुलासाठी जीव टाकणाऱ्या जोडप्याला सुयांचे महागडे पॅकेज विकणाऱ्याच्या हाती हे कागद कोणीतरी ठेवायला हवेत.

पुस्तकाचा आवाका ठरवताना मी काही निर्णय घेतले. बिंदूंची चिनी नावे तशीच ठेवली आहेत, सोबत शरीरातली जागा साध्या मराठीत दिली आहे. 'ची' आणि मार्ग यांची चर्चा इतिहास म्हणून आदराने केली आहे, स्पष्टीकरण म्हणून त्यांचा वापर केलेला नाही. उंदरावरचे निष्कर्ष आणि माणसावरचे निष्कर्ष प्रत्येक ठिकाणी वेगळे सांगितले आहेत. या विषयातली निम्मी फसवणूक ते एकत्र करण्यातून होते. धोक्यांवर स्वतंत्र भाग आहे. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांच्या पाहणीत ८.६ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला, बहुतेक रक्त येणे किंवा दुखणे एवढाच; पण दोघांच्या फुफ्फुसाला छिद्र पडले. छातीवर, खांद्यावर सुई टोचणाऱ्याला शरीररचना माहीत असलीच पाहिजे. हे पुस्तक वाचून कोणी घरी स्वतःला टोचून घेऊ नये, आणि निदान होण्याआधी कोणत्याही दुखण्यावर सुई घेऊ नये.

शेवटचा भाग अजून उकलत असलेल्या कामाचा आहे. चिउफू मा यांच्या गटाने २०२१ साली दाखवले की उंदराच्या मागच्या पायात झुसानलीपाशी सौम्य वीज दिली तर एका विशिष्ट प्रकारच्या संवेदी तंतूंतून निरोप जातो, व्हेगस मज्जातंतूमार्फत अधिवृक्क ग्रंथी कामाला लागते आणि सर्वांगातला दाह उतरतो. तेवढीच वीज पोटावरच्या बिंदूला दिली तर हे होत नाही, कारण ते तंतू पायातल्या खोल आवरणात भरपूर आहेत, पोटाच्या भिंतीत नाहीत. इथे जागेला महत्त्व आहे, आणि त्याचे कारण बोट ठेवून दाखवता येते. त्याच गटाच्या आधीच्या कामात पोटावर तीव्र वीज दाह सुरू होण्याआधी दिल्यास तो रोखला गेला, आणि सुरू झाल्यावर दिल्यास वाढला. माणसाच्या पायात हे तंतू कुठे, किती खोल आणि किती दाट आहेत, हे ठरले की बिंदूंचा एक वेगळा नकाशा काढता येईल. तो जुन्या नकाशाशी कुठे जुळेल आणि कुठे फारकत घेईल, याचा अंदाज बांधण्यापुरते शरीरशास्त्र पुढच्या पानांत आहे.